बार मित्झ्वा: तोराचा मान घरातल्या कुणाकुणाला द्यायचा

ज्यू मुलगा १३ वर्षांचा झाला की त्याचा बार मित्झ्वा होतो, आणि त्या दिवशी सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, वाचताना घरच्यांना मान दिले जातात. नावांची यादी करायला बसण्याआधी सिनेगॉगच्या गब्बाईंना, म्हणजे वाचनाची व्यवस्था पाहणाऱ्यांना, विचारून घ्या, त्या दिवशी आमच्या वाट्याला किती मान येणार? शब्बाथच्या (शनिवारच्या) सकाळी तोरावाचनासाठी ७ जणांना बोलावतात, या प्रत्येक बोलावण्याला अलिया म्हणतात; त्यानंतर मफ्तीर, म्हणजे शेवटची जादा अलिया. सोमवारी आणि गुरुवारी फक्त ३. मफ्तीर आणि त्यामागची हफ्तारा (संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला उतारा) बहुधा मुलाचीच. उरलेले सातही मान आपलेच, असं धरून चालू नका. लग्नाच्या उंबरठ्यावरचा नवरदेव किंवा आईवडिलांचा स्मृतिदिन असलेला सभासद यांचा हक्क आधीचा असतो. आकडा कळण्याआधी कुणालाही शब्द देऊ नये. दिलेला मान परत घेण्याइतकं अवघड काम दुसरं नाही.

परंपरेने चालणाऱ्या सिनेगॉगमध्ये पहिली अलिया कोहेनची (पुरोहितांच्या वंशातल्याची), दुसरी लेवीची (लेवीच्या कुळातल्याची) आणि तिसरीपासून पुढे इस्राएलांची, म्हणजे बाकीच्या ज्यूंची. कोण कोहेन, कोण लेवी हे वडिलांकडून ठरतं. आईचे वडील कोहेन असतील तर मामाही कोहेन, पण भाचा नाही. गफलत होते ती इथेच. समजा, वडिलांकडचे सगळे लेवी आहेत आणि आईकडचे कोहेन. मग पहिली अलिया मामा किंवा आईचे वडील यांपैकी एकालाच, दुसरी वडील, काका किंवा आजोबा यांपैकी एकालाच. तिसरी ते सातवी या दोन्ही घरांतल्या कुणालाच देता येत नाही! तिथे आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, आतेभाऊ कामी येतात, अर्थात ते स्वतः इस्राएल असतील तर. मफ्तीरला हे बंधन नाही, त्यामुळे मुलगा लेवी असला तरी अडत नाही. रिफॉर्म (उदारमतवादी) आणि अनेक कॉन्झर्व्हेटिव्ह (मधल्या वाटेच्या) सिनेगॉगमध्ये हा क्रम पाळत नाहीत आणि आजी, आत्या, मावशी यांनाही अलिया मिळते. ऑर्थोडॉक्समध्ये (परंपरावादी पंथात) अलिया १३ पूर्ण केलेल्या पुरुषांनाच.

दुसरी अट नात्याची. बाप-लेक किंवा दोन सख्खे भाऊ लागोपाठ बोलवायचे नाहीत. दृष्ट लागते, असा समज. वडील आणि काका दोघेही इस्राएल असतील तर एकाला तिसरी, दुसऱ्याला पाचवी, मध्ये मावशीचे यजमान. वडिलांना सातवी देऊन लगेच मुलाला मफ्तीर द्यायचा बेत असेल, तर आधी रब्बींना (धर्मगुरूंना) विचारा. मुलाच्या अलियेनंतर वडील ‘बारुख शेप्तारानी’ (मुलाच्या जबाबदारीतून मोकळं केल्याबद्दल देवाची स्तुती) म्हणतात, त्यामुळे त्यांची खुर्ची व्यासपीठाजवळच हवी. घटस्फोट झालेल्या आईवडिलांना एकत्र बोलावण्याचा हट्ट धरू नका. जिथे दोघांनाही अलिया मिळते तिथे त्या वेगवेगळ्या मागा.

क्रम ठरवताना त्या आठवड्याचा पराशा, म्हणजे तोराचा वाचायचा भाग, उघडून पाहा. सगळ्या अलिया सारख्या लांबीच्या नसतात. ‘की तिस्सा’ या पराशाच्या पहिल्या दोन फार लांब आहेत आणि बोलावलेल्या माणसाला ते सगळं उभ्याने ऐकावं लागतं, शिवाय पुढच्याची अलिया संपेपर्यंत तिथेच थांबायची रीत आहे. गुडघेदुखी असलेल्या आजोबांना तिथे उभं करणं म्हणजे मान नव्हे, शिक्षा. व्यासपीठाला किती पायऱ्या आहेत, कठडा आहे का, हेही बघून या. ‘बेखुकोताय’ आणि ‘की तावो’मधले शापांचे उतारे असलेली अलिया पाहुण्याला देऊ नये, ती बहुधा वाचणाराच घेतो.

ज्यांना अलिया देता आली नाही त्यांच्यासाठी तोरा ठेवलेलं कपाट उघडणं-बंद करणं, हग्बा आणि गलीला आहेत. यातला हग्बा, म्हणजे वाचनानंतर तोरा उघडी उचलून सगळ्यांना दाखवणं, नात्यावरून नव्हे, अंगातल्या ताकदीवरून द्यावा. गुंडाळी १० किलोच्याही वर जाऊ शकते आणि भार दोन्ही हातांवर सारखा नसतो. तोरावाचनाच्या वर्षाच्या सुरुवातीला, ‘बेरेशीत’ या पहिल्या भागाच्या सुमारास, जवळजवळ सगळा भार डाव्या हातावर; ‘देवारीम’ या शेवटच्या पुस्तकाच्या शेवटाकडे उजव्या. डाव्या खांद्याचं दुखणं असलेल्या काकांना ‘बेरेशीत’ला हग्बा देऊ नका. उचलताना चर्मपत्राची शिवण मधोमध आणायची, म्हणजे ताण पडलाच तर शिवण उसवते, अक्षरं फाटत नाहीत. मजकुराचे तीन स्तंभ दिसतील इतपत उघडायची, टेबलाच्या कडेपर्यंत खाली ओढायची, गुडघे वाकवायचे आणि दांड्यांची टोकं खाली दाबायची. वरचा भाग आपसूक उभा राहतो. नुसत्या मनगटांच्या जोरावर उचलायला गेलेला माणूस डगमगतो. तोरा पडली तर उपास करण्याची रूढी आहे, तेव्हा आदल्या आठवड्यात गब्बाईंसमोर एकदा सराव करूनच घ्यावा. पूर्वेकडच्या अनेक ज्यू समाजांत तोरा कडक पेटीत उभीच असते, तिथे ही कसरत नसते.

गलीला, म्हणजे गुंडाळी बांधून वस्त्र चढवणं, १३ च्या आतल्या भावंडांनाही अनेक ठिकाणी देतात. ज्यू नसलेल्या नातेवाइकांना अलिया सहसा मिळत नाही, कारण तिच्या आशीर्वादातच ‘आम्हाला सर्व लोकांतून निवडलं’ असं म्हणायचं असतं. उदारमतवादी सिनेगॉगमध्ये त्यांना एखादी प्रार्थना वाचायला मिळू शकते.

यादीत प्रत्येकाचं हिब्रू नाव वडिलांच्या नावासह लिहा: याकोव्ह बेन यित्झ्हाक हा-लेवी, असं. उदारमतवादी सिनेगॉगमध्ये आईचंही नाव जोडतात. आठवत नसेल तर आईवडिलांच्या केतुब्यात (लग्नाच्या करारपत्रात) किंवा थडग्यावर सापडतं. आशीर्वाद पाठ नसतील त्यांना देवनागरीत लिहून ३-४ आठवडे आधी पाठवा. आशीर्वादाआधी तल्लीतचं (प्रार्थनेच्या शालीचं) टोक वाचनाच्या जागी लावून ओठांना लावायचं, हे आशीर्वादाखालीच लिहा. नवखे तिथेच अडखळतात.

यादी शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी गब्बाईंच्या हाती गेलीच पाहिजे, कारण शब्बाथला लिहिता येत नाही. सोबत दोन जास्तीची नावं द्या, त्यांत एक इस्राएल नक्की असू द्या. ज्याचं नाव पुकारलं तो सभागृहात नसेल तर त्याच्यासाठी वाचन थांबत नाही, दुसऱ्याला बोलावतात. म्हणून अलिया असलेल्या प्रत्येकाला येण्याची वेळ प्रार्थनेच्या सुरुवातीची सांगा, वाचनाची नव्हे.