सास्काटूनमध्ये बियांपासून फुलवेली

इथं, कॅनडातल्या सास्काटूनमध्ये, नवीन आलेलं कुणी बागेबद्दल विचारायला लागलं, की पहिला विषय थंडीचा निघतो. उणे ३५ मध्ये काय जगणार? पण एका हंगामाच्या वेलींना त्या उणे ३५ शी काही देणंघेणं नसतं, त्या वेळी त्या नसतातच. त्यांना अडवतो तो उन्हाळ्यातला दिवस. सास्काटून ५२ अक्षांशावर आहे. जूनमध्ये पावणेसतरा तास उजेड असतो, रात्री साडेनऊला सूर्य मावळतो. पुण्यात २१ जूनला जेवढा मोठा दिवस असतो, तेवढा लहान दिवस इथं यायला सप्टेंबर उजाडतो, आणि सप्टेंबरच्या मध्यावर पहिलं दहिवर (गोठलेलं दव) पडून सगळं काळं होतं.

म्हणून आपल्याकडची गणेशवेल इथं नुसती पानं काढत बसते. दिवस लहान झाल्याशिवाय तिला कळ्या धरत नाहीत. आपल्या वालाच्या बऱ्याच गावठी जातींचंही तेच: जांभळ्या देठांचा सुंदर वेल कुंपणभर पसरतो आणि फुलं यायच्या आत हंगाम संपतो. गावाकडून बी आणायचा बेत असेल तर हे आधी लक्षात घ्या. शिवाय विमानतळावर बी जाहीर करावंच लागतं आणि त्याला रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. इथल्या दुकानातली पाकिटं घ्या, स्वस्त पडतात.

कामाची सगळी मोजणी व्हिक्टोरिया डेपासून उलटी करायची. २५ मेच्या आधीचा सोमवार म्हणजे व्हिक्टोरिया डे, आणि त्याला जोडून येणारा शनिवार-रविवार म्हणजे ‘मे लाँग’. लागवडीची इथली रूढ वेळ ही. माझा अनुभव विचाराल तर नाजूक वेलींसाठी मे लाँगही लवकरच. त्या जूनच्या पहिल्या आठवड्यात बाहेर जाव्यात, रात्रीचं तापमान १० च्या वर टिकायला लागल्यावर. अपवाद स्वीट पी या सुवासिक फुलांच्या वेलाचा.

स्वीट पीवर मात्र मी जरा जास्त बोलणार, कारण प्रेअरीसाठी, म्हणजे इथल्या सपाट गवताळ मुलखासाठी, याच्याइतका योग्य वेल दुसरा नाही. याला थंडी आवडते, रात्री गार लागतात आणि लांब दिवस तर हवाच असतो. एकदा थंडीला सरावलं की हलकं दहिवरही ते सोसतं. आमच्या शेजारच्या युक्रेनियन आजी जमिनीत फावडं शिरायला लागलं की बी टोचून मोकळ्या होतात, मग वर पुन्हा बर्फ पडला तरी त्यांना फिकीर नसते. मी मात्र एप्रिलच्या सुरुवातीला घरात सुरू करते. बी रात्रभर पाण्यात घालायचं. सकाळी फुगलेलं नसेल तर नेलकटरनं डोळ्याच्या विरुद्ध बाजूला जरासा टवका काढायचा. मुळं सरळ खोल जातात, म्हणून टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या करून त्यांत माती भरते आणि बी दोन-अडीच सेंटीमीटर खोल टाकते. पुढे नळीसकट लावता येतं. नळ्या तळघरात ठेवायच्या, उबदार स्वयंपाकघरात नाही. १२ ते १५ अंश पुरे. कोंब वर आले की मात्र भरपूर उजेड द्या, नाहीतर दोऱ्यासारखी लांब रोपं होतील. पानांच्या तीन जोड्या आल्या की शेंडा खुडा. जीवावर येतं, पण खुडाच. खालून दोन-तीन दमदार फांद्या फुटतात, आणि खरी फुलं त्यांच्यावर येतात.

जुलैत फुलं यायला लागली की दिवसाआड कापून घरात आणायची. एक शेंग जरी वेलावर पिकली तरी तो कळ्या कमी करायला लागतो. आणि लहान मुलांच्या घरी एक सांगणं: शेंगा वाटाण्यासारख्या दिसतात, पण विषारी असतात. मॉर्निंग ग्लोरी या कर्ण्यासारख्या फुलांच्या वेलीचं बीही तोंडात जाऊ देऊ नये.

मॉर्निंग ग्लोरीचं तंत्र उलटं. तिला ऊब हवी. बी सॅंडपेपरवर घासून, रात्रभर भिजवून, लावणीच्या तीन-चार आठवडे आधीच घरात टाका, त्याहून लवकर नको. घाई केली की वेल खिडकीत एकमेकींना गुंडाळतात आणि सोडवताना मोडतात. मुळं हलवलेली तिला खपत नाहीत, म्हणून कुजणाऱ्या पीटच्या कुंड्या वापरा. जातीबद्दल माझं मत ठाम आहे: ‘हेवनली ब्लू’चा निळा रंग वेड लावणारा, पण तिला फुलायला उशीर होतो आणि दहिवराशी शर्यत लागते. जांभळी ‘ग्रँडपा ऑट’ आधी फुलते. भिंत एकच असेल तर तिलाच द्या. खत देऊ नका. नत्र जास्त झालं की पानंच पानं. नॅस्टर्शियम या फुलझाडालाही हाच नियम. त्याचं बी तर मेअखेर थेट जमिनीत टोचायचं आणि विसरून जायचं.

लाल फुलांचा रनर बीन हा घेवड्याचाच भाऊबंद. मेअखेर थेट मातीत पेरा, तीन सेंटीमीटर खोल. लाल फुलांवर हमिंगबर्ड येतो. कोवळ्या शेंगांची भाजी होते, पण कच्च्या खाऊ नका आणि वाळलेले दाणे नीट उकळल्याशिवाय तर मुळीच नाही.

कोबिया या घंटेसारख्या फुलांच्या वेलाला सगळ्यांत जास्त वेळ लागतो: आठ-दहा आठवडे आधी, खालून ऊब, आणि चपटं बी मातीत कडेवर उभं खोचायचं, आडवं ठेवलं तर कुजतं. इतकं करून ऑगस्टअखेरीला फुलं. हौस असेल तरच करा.

बाहेर नेण्याआधी आठ-दहा दिवस रोपं सरावायला हवीत. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग वाढवत न्यायचं. ऊन मोजतात सगळे, वारा कुणी मोजत नाही. प्रेअरीचा मे महिन्यातला वारा कोवळी पानं एका दुपारीत कागदासारखी करतो. म्हणून जागा घराच्या दक्षिण किंवा पूर्व भिंतीची निवडा. स्वीट पीला पूर्वच बरी, दुपारचा ताप चुकतो. आधार रोपं लावायच्या आधी रोवायचा. मी नायलॉनची जाळी वापरत नाही, सुतळी ताणते; शरद ऋतूत वेल आणि सुतळी एकत्र कापून कंपोस्टमध्ये टाकता येतात. मुळाशी पालापाचोळ्याचं आच्छादन घाला आणि पाणी खोल द्या, रोजचं शिंपडणं नको.

दरवर्षी पेरायचा कंटाळा असेल तर वर्षानुवर्षं जगणाऱ्या क्लेमॅटिस वेलाच्या मॅक्रोपेटला जातीचं बी लावा. मॅनिटोबातल्या ड्रॉपमोरला फ्रँक स्किनर यांनी याच गटातून ‘ब्लू बर्ड’ आणि ‘रोझी ओग्रेडी’ तयार केल्या, आणि त्या इथल्या हिवाळ्यात टिकतात. मात्र बियांपासून त्या जशाच्या तशा येत नाहीत, रोपागणिक फुलं थोडी वेगळी निघतात. पिवळा टँगुटिका क्लेमॅटिस बियांपासून सहज येतो, पण तोच त्याचा दोष: तो रानात पसरतो, अल्बर्टात तर त्याची नोंद उपद्रवी तणांत आहे. मॅक्रोपेटलाचं बी ऑक्टोबरअखेर कुंडीत पेरा, वर पातळ माती, आणि कुंडी घराच्या उत्तर बाजूला बर्फात राहू द्या. थंडीशिवाय ते उगवत नाही. वसंतात कोंब दिसले नाहीत म्हणून लगेच कुंडी ओतू नका, काही बी दुसऱ्या वर्षी उगवतं. फूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. कुंडीवर तारेची जाळी मात्र पेरतानाच बांधा, खारींना ताजी उकरलेली माती लगेच कळते.