टर्नटेबलची घूं घूं: ग्राउंड वायर नीट कशी जोडावी

सुई रेकॉर्डवर टेकवण्याआधीच स्पीकरमधून जाड, एकसुरी ‘घूंऽऽ’ येत असेल, तर सर्वांत आधी ग्राउंड वायर बघा.

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेला, तिच्या कंपनांची वीज करणारा छोटा भाग) जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट निघतात. फोनो प्रीअँप (टर्नटेबल आणि अँप्लिफायर यांच्या मधला डबा) ते सुमारे 100 पट वाढवतो, शिवाय रेकॉर्ड कापताना मुद्दाम कमी केलेला खर्ज परत चढवतो. विजेची 50 किंवा 60 हर्ट्झची घूं नेमकी त्याच खर्जात बसते आणि 1 किलोहर्ट्झच्या तुलनेत 16-17 डेसिबल जास्त फुगते. त्यात टोनआर्मची, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याची, धातूची नळी अँटेनासारखी वागते. तिने पकडलेला गोंगाट सिग्नलमध्ये न शिरता परस्पर निघून जावा, म्हणून तिला प्रीअँपच्या चासीशी (धातूच्या सांगाड्याशी) जोडायचं. ग्राउंड वायरचं काम एवढंच.

आधी अँप्लिफायर आणि प्रीअँप बंद करा. हे टाळू नका. चालू असताना वायर जोडली की जो दणका बसतो, तो स्पीकरला सोसेलच असं नाही. टर्नटेबलच्या केबलच्या आरसीए पिना (आवाजाचा सिग्नल नेणारे गोल प्लग) प्रीअँपमध्ये घट्ट बसवा: पांढरी डावीकडे, लाल उजवीकडे. मग त्यांच्यासोबत आलेली बारीक सुटी वायर घ्या. तिच्या टोकाला बहुधा यू आकाराची पट्टी असते. प्रीअँपमागचा ‘जीएनडी’ लिहिलेला स्क्रू बोटांनी सैल करा, पट्टी त्याखाली सरकवा, आवळा. पट्टी तुटली असेल तर सेंटीमीटरभर इन्सुलेशन सोला, तारा पिळून एक करा आणि स्क्रू ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने गुंडाळा. उलट गुंडाळल्या तर आवळताना बाहेर निसटतात. सुटी तार आरसीएच्या पिनेला टेकू देऊ नका.

आता आवाज शून्यावर ठेवून सगळं चालू करा आणि हळूहळू वाढवा. घूं अजून आहे? टोनआर्मच्या धातूला बोट लावा. आवाज बदलला, तर वायर कुठेतरी तुटली आहे. टर्नटेबलचा प्लग काढा, वायर प्रीअँपपासून सोडवा आणि मल्टिमीटरने वायरचं टोक ते टोनआर्मच्या बुडाचा स्क्रू असा रोध मोजा. एक-दोन ओहमच्या आत यायला हवा. अॅनोडाइज केलेल्या (वीज न वाहू देणारा थर चढवलेल्या) नळीवर मीटर काहीच दाखवत नाही, त्यावरून निष्कर्ष काढू नका. कार्ट्रिजच्या पिनांना मात्र मीटर लावू नका. आतली कॉइल फार नाजूक असते.

घूं एकाच बाजूने असेल तर ग्राउंड वायरचा दोष नसावा. आरसीए पिना आपसांत बदला. घूं दुसऱ्या स्पीकरवर गेली, तर बिघाड टर्नटेबलच्या बाजूला आहे: पीन सैल, नाहीतर हेडशेलमधली (टोनआर्मच्या टोकाशी कार्ट्रिज बसतं तो भाग) बारीक तार सुटलेली.

वायर काढल्यावरच शांत होत असेल, तर ती काढूनच ठेवा. अशा टर्नटेबलमध्ये ग्राउंड आतूनच आरसीएच्या बाहेरच्या कड्याला जोडलेलं असतं आणि दुसरी वाट दिली की ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांचं घूं पकडणारं वेटोळं, तयार होतो. हा लूप तोडायला प्लगची अर्थिंगची पीन कापणं मात्र जिवावर बेतू शकतं. ते कधीही करू नका.

आणि टोनआर्म एका विशिष्ट जागी आल्यावरच घूं वाढत असेल, तर जवळचा ट्रान्सफॉर्मर किंवा मोटर शोधा. प्रीअँप आणि त्याचा अॅडॉप्टर फूट-दोन फूट लांब सरकवून बघा.