पेरणी उरकली, ट्रॅक्टर उभा राहिला; बॅटरीचे काय?

सोयाबीन-कापसाची पेरणी आटोपली आणि भाड्याची कामे नसली, की ट्रॅक्टर शेडात जातो तो मळणीच्या दिवसांपर्यंत. खंडेनवमीला धुऊन-पुसून, हार घालून किल्ली फिरवावी तर नुसती टकटक, सेल्फ घेतच नाही. मग शिव्या बसतात बॅटरीच्या कंपनीला. खरे तर कामापेक्षा नुसत्या उभ्या राहण्याने खराब झालेल्या बॅटऱ्याच गावात जास्त सापडतील.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही न करताही उतरते. पाणी भरावे लागणाऱ्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीतून महिन्याला साधारण ५ ते १० टक्के चार्ज आपोआप जातो. मेंटेनन्स-फ्री बॅटरीत हे प्रमाण कमी असते. तापमान १० अंशांनी वाढले की उतरण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे गाळप हंगाम संपल्यावर पत्र्याच्या शेडात उन्हाळा काढणाऱ्या ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांना तर जास्तच जपावे. उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते. ताजे असेपर्यंत ते चार्जिंगने निघते. पण बॅटरी काही आठवडे तशीच पडली तर त्याचे कडक खडे बनतात आणि प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. नंतर रात्रभर चार्जर लावून फारसे काही हाती लागत नाही.

म्हणून ट्रॅक्टर उभा करण्याआधीच बॅटरी पूर्ण चार्ज करा. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका ठेवावा. ८० अँपिअर-अवरच्या बॅटरीला ८ अँपिअर. गॅरेजवाला घाईत दोन तासांत ‘फास्ट’ मारून देतो, ते टाळा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तेव्हा जागा मोकळ्या हवेची हवी. कडब्याची गंज किंवा गोठा जवळ नको आणि बिडी तर नकोच. आत पाणी डिस्टिल्डच घाला, विहिरीचे किंवा बोअरचे नाही, आणि दुकानदार देतो म्हणून अ‍ॅसिडही नाही. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी बुडण्यापुरते पाणी घाला आणि उरलेली पातळी चार्जिंग झाल्यावर पूर्ण करा.

चार्जर काढून काही तास थांबा आणि मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. आपल्या हवामानासाठी अ‍ॅसिड थोडे सौम्य ठेवलेल्या बॅटऱ्या पूर्ण भरूनही १२.५ दाखवतात, त्याने घाबरू नका. अ‍ॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर मिळाला तर उत्तम. सहाही सेलचे आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो सेल गेलाय असे समजा आणि नव्या बॅटरीची तजवीज आताच करा.

आता जोडणी सोडवा. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. बसवताना याच्या उलट. क्रम चुकला आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना चासीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. बॅटरी जागेवरच ठेवायची असेल तर निगेटिव्ह केबल सोडवली तरी पुरते. म्युझिक सिस्टीम, जीपीएस असली मागून बसवलेली खटली बंद असतानाही थोडा-थोडा करंट ओढतात, तो त्याने थांबतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवा, पण बुचे घट्ट लावून. सोडा आत गेला तर अ‍ॅसिड मरते. वरचा भाग कोरडा पुसा. धूळ-ओलीचा थर साचला तर त्यातूनही करंट गळतो. शेवटी व्हॅसलिन लावा. डोळ्यात अ‍ॅसिड उडाले तर १५ मिनिटे सतत साध्या पाण्याने धुऊन थेट दवाखाना गाठा.

सिमेंटच्या फरशीवर बॅटरी उतरते असे आजही सांगतात. ते लाकडी आणि रबरी पेट्यांच्या जमान्यातले. प्लास्टिकच्या पेटीला फरशीने काही होत नाही. दुसरी सवय आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालू करण्याची. सेल्फने जेवढे ओढले तेवढेही मंद रेसवर भरून निघत नाही. चालू करायचेच तर अर्धा-पाऊण तास बऱ्यापैकी रेसवर चालवा. त्यापेक्षा महिन्यातून एकदा चार्जर लावणे स्वस्त पडते, डिझेलही वाचते.

आणि फवारणी पंप! १२ बाय ८, १२ बाय १२ (म्हणजे १२ व्होल्ट, ८ किंवा १२ अँपिअर-अवर) म्हणून मिळणाऱ्या पाठीवरच्या पंपांत बहुधा हीच लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, फक्त सीलबंद. शेवटची फवारणी झाली की पंप कोपऱ्यात जातो, अर्धा उतरलेला, आणि पुढच्या हंगामात दहा मिनिटांत बसतो. तोही चार्ज करून ठेवा, महिन्याला एकदा चार्जिंगला लावा. कुंपणाच्या झटका मशीनच्या बॅटरीलाही हेच.

निकामी बॅटरी भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नका आणि तिचे अ‍ॅसिड बांधावर ओतू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्या, शिशाच्या वजनाचे पैसे बिलातून वजा करून मागा.