एडिटर हँग होतोय? आधी अडकलंय कोण ते शोधा

‘दादा, व्हीएस कोड चालंना झालाय, काय करू?’ सांगलीच्या विश्रामबागेत किंवा मिरजेत रूम घेऊन, व्हीएस कोड या एडिटरात पहिला प्रोजेक्ट करणाऱ्यांचा हा ठरलेला मेसेज. आणि रूममेटचा ठरलेला सल्ला: काढून परत टाक. त्यातून सहसा काही हाती लागत नाही. विंडोजवर एडिटर अनइन्स्टॉल केला तरी युजर फोल्डरमधला ‘डॉट व्हीएसकोड’ हा फोल्डर आणि अ‍ॅपडेटामधल्या सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. नव्या एडिटरला जुनीच एक्स्टेन्शन्स (वरून टाकलेली जोड-सॉफ्टवेअर) मिळतात, त्यामुळे दुखणंही तेच राहतं. हॉटस्पॉटचा डेटा गेला तो वेगळाच.

बाहेरून एक दिसत असला तरी व्हीएस कोड म्हणजे अनेक प्रोसेसचं बिऱ्हाड आहे. तो इलेक्ट्रॉन या सांगाड्यावर बांधलेला आहे, म्हणजे आत क्रोमियम ब्राउझर. विंडो काढणारी प्रोसेस वेगळी, एक्स्टेन्शन्स चालवणारा ‘एक्स्टेन्शन होस्ट’ वेगळा, फाइल बदलली का यावर डोळा ठेवणारा वॉचर वेगळा, टर्मिनल वेगळं. जावा, सी प्लस प्लस, टाइपस्क्रिप्ट यांचे लँग्वेज सर्व्हर (कोड वाचून सजेशन आणि चुका दाखवणारे) आणखी निराळे. यातलं एक जरी अडलं तरी आपण म्हणतो ‘एडिटर हँग झाला’. पण प्रत्येकाचा उपाय वेगळा.

म्हणून आधी टायपिंगची चाचणी. भराभर दहा-बारा अक्षरं टाइप करा. अक्षरं लगेच उमटतात, पण सजेशन येत नाही, चुकीखालची लाल रेघ उशिरा येते? मग विंडो धडधाकट आहे, लँग्वेज सर्व्हर किंवा एक्स्टेन्शन होस्ट दमलाय. अक्षरच दोन सेकंदांनी उमटतं? विंडोची प्रोसेस अडलीय किंवा अख्ख्या मशीनचाच जीव जातोय. टायपिंग ठीक, पण सेव्ह करताना गोल फिरत राहतं? बहुधा ‘फॉरमॅट ऑन सेव्ह’ला जोडलेला फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारा) अडलाय. ती सेटिंग बंद करून एकदा सेव्ह करा, लगेच कळेल.

मशीनचं काय चाललंय ते टास्क मॅनेजरमध्ये दिसतं: कंट्रोल-शिफ्ट-एस्केप. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क शंभरला टेकलेली असेल, तर एडिटरला बोल लावू नका. रॅम भरली की विंडोज डिस्कवर अदलाबदल करत बसतं, आणि सेकंडहँड लॅपटॉपात जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर सगळंच थिजतं. ८ जीबीत क्रोमचे पंचवीस टॅब, अँड्रॉइड एम्युलेटर आणि जावाचा लँग्वेज सर्व्हर एकत्र नांदत नाहीत. अशा लॅपटॉपवर पैसे घालायचेच तर आधी एसएसडी, मग रॅम.

मशीन मोकळं आहे आणि तरी अडतंय, तर मदत मेनूतला प्रोसेस एक्स्प्लोरर उघडा. कमांड पॅलेटमधूनही (कंट्रोल-शिफ्ट-पी) तो सापडतो. कोणती प्रोसेस किती सीपीयू आणि किती मेमरी खातेय ते नावानिशी दिसतं. एक्स्टेन्शन होस्ट वर दिसला तर टर्मिनलमध्ये ‘कोड’ या कमांडला ‘डिसेबल-एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय (आधी दोन डॅश) देऊन एडिटर उघडा. तेवढ्याने सुरळीत झालं तर चोर एक्स्टेन्शन्समध्येच आहे.

आता एकेक बंद करत बसायचं नाही. कमांड पॅलेटमध्ये ‘स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ शोधा. एडिटर निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करून विंडो रिलोड करतो आणि विचारतो: आता बरंय की अजून त्रास आहे? उत्तरानुसार उरलेल्यांतली निम्मी. तीस एक्स्टेन्शन्स असली तरी पाचेक फेऱ्यांत एकावर बोट येतं. बायनरी सर्च परीक्षेला पाठ केलेला असतोच, इथे तो कामाला येतो. फक्त प्रत्येक फेरीत घाई न करता तोच त्रास पुन्हा होतो का ते बघा. एक उत्तर चुकलं की भलत्यालाच फाशी.

एआय सहायक दोन-दोन, पायथनसाठी तीन लिंटर (कोडमधल्या चुका हुडकणारे), वर पाच थीम, असा संसार नवख्यांच्या एडिटरात नेहमी दिसतो. एकच काम करणारी दोन एक्स्टेन्शन्स ठेवूच नका. जावा, पायथन आणि वेबसाठी वेगवेगळे प्रोफाइल करा, म्हणजे पायथन लिहिताना जावाचं ओझं नाही.

सगळ्यात जास्त घोळ मात्र फोल्डरमध्ये असतो. प्रोजेक्टऐवजी अख्खा डेस्कटॉप किंवा डी ड्राइव्ह उघडला की वॉचर, सर्च आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं) तिन्ही त्या ढिगाऱ्यात शिरतात. त्यात डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असेल तर एनपीएम इन्स्टॉलने (जावास्क्रिप्टची पॅकेजेस उतरवणारी कमांड) आलेल्या हजारो बारक्या फाइली वनड्राइव्ह वर चढवत बसतो, अँटीव्हायरस त्याच फाइली तपासतो, आणि वॉचर दोघांच्या मागे धावतो. प्रोजेक्टसाठी सी ड्राइव्हवर वनड्राइव्हच्या बाहेर साधा फोल्डर करा आणि एडिटरमध्ये तेवढाच उघडा. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरत असाल तर कोड लिनक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरात ठेवा. विंडोजच्या ड्राइव्हवरून ओढला की प्रत्येक फाइलमागे वेळ जातो.

मग सेटिंग्जमध्ये ‘वॉचर एक्स्क्लूड’ शोधा आणि बिल्डचा, डेटाचा फोल्डर तिथे घाला. पॅटर्न असा: दोन स्टार, स्लॅश, फोल्डरचं नाव, स्लॅश, दोन स्टार. हेच ‘सर्च एक्स्क्लूड’मध्येही. गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या गोष्टींची यादी) नोड मॉड्यूल्स हा एनपीएमचा फोल्डर आणि पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट नसेल तर सोर्स कंट्रोलच्या चिन्हावर हजारोंचा आकडा चढतो. तोही आधी उतरवा. लिनक्सवर ‘फाइल बदल पाहता येत नाहीत’ असा इशारा आला तर आयनोटिफायच्या (फाइल बदलल्याचं कळवणारी लिनक्सची सोय) वॉचची मर्यादा संपलीय. ती ५,२४,२८८ करतात. पण एक्स्क्लूड आधी, मर्यादा नंतर.

मोठ्या फाइलींचं दुखणं निराळं. समजा हळदीच्या नाहीतर बेदाण्याच्या सौद्यांचा काही वर्षांचा सीएसव्ही प्रोजेक्टला घेतलाय. फाइल २० एमबी किंवा ३ लाख ओळींच्या वर गेली की एडिटर मेमरी वाचवायला रंग, फोल्डिंग वगैरे आपणहून बंद करतो. तो बिघाड नव्हे. अशी फाइल एडिटरात उघडायचीच कशाला? पायथनच्या पांडाज लायब्ररीला पहिल्या पन्नास ओळी मागा. त्याहून छळणारी गोष्ट म्हणजे एकाच ओळीत कोंबलेला जेसन: आकार लहान, पण ओळ लाखो अक्षरांची, आणि वर्ड रॅप चालू असेल तर स्क्रोल करताना विंडो अडखळते. ज्युपिटर नोटबुकमध्ये लूपने ओकलेलं आउटपुट फाइलीतच साठतं, म्हणून उघडतानाच विंडो गोठते. उघडली की आधी ‘क्लिअर ऑल आउटपुट्स’, मग सेव्ह.

विंडो पांढरी होत असेल, चमकत असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय घ्या. ‘डिसेबल-जीपीयू’ पर्याय देऊन एकदा उघडून बघा. फरक पडला तर ड्रायव्हर अपडेट करा. आणि एप्रिल-मेच्या सांगलीत गादीवर ठेवलेला लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. त्याला सेटिंग नाही, पाट आहे.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात एक पथ्य: कंपनीच्या लॅपटॉपवर अँटीव्हायरस परस्पर बंद करू नका. प्रोजेक्टचा फोल्डर तपासणीतून वगळायला आयटीला मेल करा. सीनियरला विचारताना ‘हँग होतंय’ एवढंच लिहू नका. एडिटरची आवृत्ती, टायपिंगच्या चाचणीत काय दिसलं, एक्स्टेन्शन्स बंद केल्यावर फरक पडला का, आणि ‘कोड’ला ‘स्टेटस’ पर्याय (पुन्हा दोन डॅश) देऊन आलेला मजकूर जोडा. ही कमांड एडिटर चालू असतानाच द्यायची. प्रोसेसची यादी आणि फोल्डरात किती फाइली आहेत तेही त्यात येतं. फक्त पाठवण्याआधी त्यात क्लायंटच्या फोल्डरचं नाव नाही ना, ते वाचून घ्या.