माणसांपर्यंत पोचणाऱ्या धातूंचा माग प्राण्यांवरून कसा काढावा

एखाद्या वस्तीत शिसे, पारा किंवा कॅडमियम माणसांच्या शरीरात जात असल्याचा संशय असेल, तर कोणता प्राणी तपासायचा हे ठरवण्याआधी तो धातू तोंडावाटे, श्वासावाटे की अन्नातून जातो आहे, याचा अंदाज बांधावा. प्राणी उपयोगी पडतो तो माणसाच्याच वाटेने धातू घेत असेल तरच. जपानमधल्या मिनामाता उपसागराच्या काठी १९५६ मध्ये माणसांचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला, पण त्याआधीच तिथल्या मांजरांना झटके येऊन ती मरू लागली होती. कारण मांजरे आणि कोळ्यांची कुटुंबे एकाच पाण्यातले, मिथाइल पाऱ्याने दूषित झालेले मासे खात होती. ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स बंदराच्या गावात २००६ च्या अखेरीपासून पुढच्या वर्षीच्या सुरुवातीपर्यंत हजारो पक्षी मेले, तेव्हा बंदरातून उडालेली शिशाची भुकटी कारण ठरली, आणि नंतरच्या तपासणीत ते शिसे घरांच्या पावसाच्या पाण्याच्या टाक्यांत आणि मुलांच्या रक्तातही आढळले.

घरातल्या धुळीतल्या शिशासाठी पाळीव कुत्रा आणि मांजर यांच्याइतके सोयीचे प्राणी नाहीत. जुन्या रंगाचे पोपडे पडलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर मांजर दुपारभर झोपते, उठल्यावर पंजे आणि अंग चाटून साफ करते, आणि अंगावर बसलेली धूळ पोटात जाते. जमिनीवर रांगून तोंडात बोटे घालणाऱ्या मुलाचेही नेमके हेच होते. माशांतल्या पाऱ्यासाठी मासे खाणारे पक्षी किंवा मांजरे निवडावीत. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठते, त्यामुळे त्यासाठी कत्तलखान्यातल्या, वय माहीत असलेल्या जनावरांचे मूत्रपिंड तपासावे.

काही प्राणी मात्र फसवतात. मेंढीला तांब्याची विषबाधा इतक्या सहज होते, की कळपात मृत्यू झाले म्हणून माणसांनाही धोका आहे असे मानणे चुकीचे ठरेल. रॅट जातीच्या उंदराच्या तांबड्या पेशी आर्सेनिक धरून ठेवतात, म्हणून त्याच्या रक्तातला आकडा माणसासाठी निरुपयोगी असतो. (आर्सेनिक खरे तर उपधातू आहे, पण या कामात तो धातूंसोबतच मोजला जातो.)

रक्त घेणे हा या कामातला सर्वांत नाजूक टप्पा आहे, कारण प्राण्याच्या केसांवरची धूळ सुईबरोबर नमुन्यात गेली, तर आपण प्राणी नव्हे, अंगण मोजतो. टोचायच्या जागचे केस कापावेत, कातडी साबणाच्या पाण्याने धुऊन धातूविरहित पाण्याने पुसावी, आणि मगच सुई घालावी. शिसे मुख्यतः तांबड्या पेशींत असते, त्यामुळे नमुना संपूर्ण रक्ताचाच हवा. सीरम (पेशी काढल्यावर उरणारा रक्तातला द्रव) वेगळे काढून पाठवण्याची चूक वारंवार होते आणि ते सगळे श्रम वाया जातात. नळ्या सूक्ष्म धातूंच्या तपासणीसाठीच्या असाव्यात, आणि त्याच खोक्यातली एक नळी फक्त शुद्ध पाणी भरून कोरा नमुना म्हणून पाठवावी, म्हणजे नळीतूनच धातू येत नाही ना हे कळते. केस आणि पिसे घेणे सोपे असते. ती वाढत असताना रक्तातून आत आलेला धातू तिथे टिकून राहतो, पण बाहेरून चिकटलेला धातू धुऊन पूर्ण जाईलच असे नाही. पाऱ्यासाठी ती चांगली, शिशासाठी मला ती फारशी विश्वासार्ह वाटत नाहीत.

प्रत्येक नमुन्यासोबत प्राण्याचे वय, तो त्या घरात किती महिने राहतो आहे, बाहेर फिरतो का, काय खातो आणि अलीकडे घराचा रंग खरवडला होता का, हे लिहावे. डबाबंद मासळी खाणाऱ्या मांजराच्या केसांतला पारा त्या गावच्या नदीबद्दल काहीच सांगत नाही. तुलनेसाठी संशयित स्रोतापासून दूर राहणारे, शक्यतो त्याच वयाचे प्राणीही घ्यावेत.

एकाच कुत्र्याचा आकडा चढा आला, तर आधी त्याच्या पोटाचा एक्स-रे काढावा, कारण मासेमारीच्या गळाला लावलेला शिशाचा तुकडा त्याने गिळला असणे हेही कारण असू शकते. शेजारच्या तीन-चार घरांतले कुत्रे एकदम चढे आले, तर जागेकडे पाहावे. प्राण्याच्या आकड्यावरून माणसाच्या रक्तातले प्रमाण काढू नये: अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये लहान मुलांसाठी ठरवलेली ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही संदर्भपातळी कुत्र्यासाठी नाही. त्याउलट कुत्र्याचे रक्त स्वच्छ निघाले म्हणून मूल सुरक्षित, असेही म्हणता येत नाही, कारण मूल शाळेत किंवा पालकांच्या कामाच्या कपड्यांवरूनही शिसे घेऊ शकते.

आकडा चढा आल्यास तो प्रथम त्या कुटुंबाला सांगावा, आणि घरातल्या सहा वर्षांखालील मुलांची व गरोदर स्त्रीची रक्ततपासणी डॉक्टरांकडून लगेच करून घ्यायला सांगावे. स्रोत काढून टाकल्यावर काही आठवड्यांनी त्याच प्राण्याचे रक्त पुन्हा, त्याच पद्धतीने आणि त्याच प्रयोगशाळेत तपासावे. तरीही आकडा उतरत नसेल, तर स्रोत अजून घरात आहे किंवा हाडांत साठलेले शिसे रक्तात परत येते आहे, आणि यातले पहिले नाकारेपर्यंत दुसऱ्यावर विसंबू नये.