एका फाइलमध्ये दुसरी ओतताना या चुका टाळा

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात रोजचा डिस्पॅच रिपोर्ट साध्या टेक्स्ट फाइलमध्ये निघतो. त्याच्या वर पत्त्याच्या 5 ओळी लागतात. त्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या आहेत. ती फाइल रिपोर्टमध्ये ओतताना नवीन मुलं हमखास अडकतात.

व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये कोलन, छोटा आर आणि फाइलचं नाव दिलं की मजकूर कर्सरच्या ओळीखाली येतो. खाली, वर नाही! त्यामुळे रिपोर्टची पहिली ओळ पत्त्याच्या डोक्यावर बसते. अगदी वर हवा असेल तर आरच्या आधी शून्य लिहा. ईडी नावाच्या जुन्या एडिटरमध्ये उलटं: नुसता आर दिला की मजकूर थेट फाइलच्या शेवटी.

आदेश मजकुरातच उमटत असेल तर तुम्ही इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे मजकूर टाइप करायच्या अवस्थेत आहात, एस्केप दाबा. फाइल सापडत नसेल तर कोलन पीडब्ल्यूडी देऊन व्हिम कुठल्या फोल्डरात उभा आहे ते बघा. उघडलेली फाइल ज्या फोल्डरात, तिथेच तो शोधेल असं नाही.

खरा घात आरऐवजी डब्ल्यू, म्हणजे फाइल लिहिण्याचा आदेश, दाबल्यावर होतो. फाइल आधीच आहे म्हणून व्हिम अडवतो, पण घाईत माणूस उद्गारचिन्ह ठोकतो आणि पत्त्याच्या फाइलवर अख्खा रिपोर्ट चढतो. यू (व्हिमचा अंडो) दाबून ती परत येत नाही. अंडो फक्त समोर उघडलेल्या मजकुराचा.

नॅनो या एडिटरमध्ये फाइल ओतायला कंट्रोल आर. ओळीच्या मधोमध असाल तर ओळ तिथेच तुटेल. ऑल्ट यूने (नॅनोचा अंडो) मागे या.

सेड, म्हणजे फाइल न उघडता आदेशाने मजकूर बदलणारा प्रोग्राम, त्याबाबत मात्र माझीच फजिती सांगतो. त्याचा आर वापरला आणि निकाल मोठ्यापेक्षा-चिन्हाने त्याच फाइलकडे वळवला. शेल, म्हणजे आपले आदेश चालवणारा प्रोग्राम, आधी ती फाइल रिकामी करतं, सेड मग वाचायला जातो. महिन्याचा रिपोर्ट शून्य बाइट! संध्याकाळी गाड्या सुटायच्या वेळी. तेव्हापासून सेडच्या वजा आयला (त्याच फाइलमध्ये बदल करायचा पर्याय) चिकटवून डॉट बॅक लिहितो, म्हणजे जुनी प्रत बाजूला राहते.

शिवाय आरनंतर ओळ संपेपर्यंतचं सगळं सेडला फाइलचं नाव वाटतं, अर्धविरामासकट. आणि ती फाइल सापडली नाही तर तो चकार शब्द काढत नाही. म्हणून डब्ल्यूसी वजा एल या ओळी मोजायच्या आदेशाने आधी आणि नंतर रिपोर्टच्या ओळी मोजा. 5 वाढल्या नसतील तर नाव तपासा.