जुन्या ब्रिटिश मोटरसायकलला त्या काळाचेच ट्रान्सफर

ट्रान्सफर म्हणजे कागदावरून टाकीवर उतरवलेलं कंपनीचं नाव किंवा चिन्ह. ते त्या काळाचंच हवं, तर आधी गाडीचं साल पक्कं करा. आरसी बुकातलं साल पुष्कळदा नोंदणीचं असतं, कारखान्यातून बाहेर पडल्याचं नव्हे. म्हणून इंजिन आणि फ्रेमचे नंबर त्या मेकच्या (कंपनीच्या गाड्यांच्या) क्लबकडून तपासून घ्या.

टाकी गॅरेजवाल्याकडे सोपवून 'सगळा रंग काढ' म्हणू नका. वरच्या थरांखाली मूळ ट्रान्सफर असू शकतो. १००० नंबरचा पाण्याचा पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा बारीक पॉलिश पेपर) हलक्या हाताने फिरवा, खूण दिसताच थांबा. शेजारी पट्टी धरून फोटो काढा, ट्रेसिंग पेपरवर आकार उतरवा आणि टाकीच्या कडेपासूनचं अंतर लिहून ठेवा.

चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात ते बहुतेक व्हिनाइल स्टिकर. त्यांची कड जाड आणि सोनेरी रंग भडक, लांबूनही नकली वाटतो. ब्रिटनच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे मेकनुसार ट्रान्सफर मिळतात. मागवताना मॉडेल, साल आणि मोजमाप तिन्ही कळवा.

वार्निशने चिकटणारा प्रकार असेल तर ट्रान्सफरच्या चिकटणाऱ्या बाजूला (कागदाला नव्हे) गोल्ड साइजचा, म्हणजे सोन्याचा वर्ख चिकटवायच्या वार्निशचा, पातळ हात द्या आणि बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, इतकं सुकू द्या. ओलं असताना लावलं तर सरकतं, फार सुकलं तर धरत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात हा अंदाज हमखास चुकतो. काम दिवाळीनंतर काढलेलं बरं. ट्रान्सफर टाकीवर बसला की मग कागद भिजवून अलगद सोडवा. वर टू-के लॅकर (हार्डनर मिसळून मारायचं लॅकर) थेट मारू नका, ट्रान्सफर सुरकुततो. एक जादा मागवून भंगार पत्र्यावर आधी पाहा.